उष्ण हवेतली घरची सेंद्रिय भाजी : फवारणीच्या आधी मातीचं बघू

काळीमाती :
सेंद्रिय भाजीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "फवारू काय?" मग कोणी अर्क सांगतं, कोणी तेल, कोणी साबणाचं पाणी, आणि मातीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. उन्हाच्या मुलखात भाजी लावायची तर सुरुवात मातीपासून करावी असं माझं ठाम मत आहे, त्यावरच जरा सविस्तर बोलू म्हणून हा धागा.

कारण सांगतो. भाजीपाल्याची बरीचशी माहिती थंड हवेच्या प्रदेशातून येते, तिथे वर्षातून एकदा वाफ्यात कंपोस्ट मिसळलं की भागतं. गरम हवेत नाही भागत. मातीतलं कंपोस्ट खातात ते जिवाणू आणि बुरशी, आणि ओल असेल तर तापमान १० अंशांनी वाढल्यावर त्यांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे तेवढंच खत घातलं तरी ते निम्म्या वेळात संपलं. हंगामाच्या सुरुवातीला भुसभुशीत असलेला वाफा शेवटी शेवटी घट्ट होतो, पाणी घातलं की वरच साचतं नाहीतर कडेने पळून जातं, खालची जुनी पानं पिवळी पडायला लागतात, आणि आपण पानं उलटीपालटी करून कीड शोधत बसतो.

दुसरं म्हणजे उघडी माती. भर उन्हात कोरड्या उघड्या मातीचा वरचा पापुद्रा ५० अंशांच्या पुढे सहज जातो. भाजीची अन्न घेणारी बारीक पांढरी मुळं जास्त करून वरच्या थरातच असतात, ती भाजली की खाली कितीही ओल असो, झाड अडून बसतं. दुपारी उघड्या मातीवर तळहात ठेवून बघा आणि मग पाचोळा घातलेल्या वाफ्यात पाचोळ्याखाली बोटं सारून बघा. खाली माती गार लागते, ओलसर आणि दाणेदार, पाचोळ्याच्या सगळ्यात खालच्या पानांची नुसती जाळी उरलेली असते आणि त्या जाळीतून बुरशीचे पांढरे तंतू खाली मातीत उतरलेले दिसतात. हे ज्या वाफ्यात दिसतं तिथे झाडं निम्मी चिंता स्वतःच मिटवतात.

म्हणून माझं म्हणणं दोनच गोष्टींचं. खत एकदम ढीगभर न घालता थोडं थोडं आणि वारंवार घाला, आणि माती कधीही उघडी ठेवू नका. पाचोळा, वाळलेलं गवत, पेंढा, बी धरायच्या आधी उपटलेलं तण, जे मिळेल ते ५ ते ८ सेंटिमीटर जाड पसरा, फक्त खोडापासून चार बोटं लांब ठेवा नाहीतर खोड कुजतं.

कोणाचे काय अनुभव आहेत ते लिहा, शंकाही विचारा.

कोवळी_काकडी :
मस्त धागा! वाचनखूण साठवलीये. माझी सगळी बाग कुंड्यांमधे आहे, जमीन नाहीच. कुंडीलाही हेच लागू होतं का? माझ्याकडे काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आहेत आणि दुपारी सगळी झाडं माना टाकतात, मग मी परत पाणी घालते, तरी मिरची काही धड होत नाहीये.

काळीमाती :
@कोवळी_काकडी, कुंडीला तर जास्तच लागू होतं कारण तिथे मुळांना पळायला जागाच नाही. काळ्या कुंडीची उन्हाकडची बाजू आतून ४० अंशांच्या वर जाते आणि त्या बाजूची मुळं मरतात. झाड उपटून बघाल तेव्हा एका बाजूला पांढरी मुळं आणि दुसऱ्या बाजूला तपकिरी सुतळ्या असं दिसेल. उपाय साधे आहेत, कुंडीला बाहेरून पांढरा रंग द्या किंवा पोतं गुंडाळा, कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते, पश्चिमेकडच्या कुंड्यांपुढे एखादी फळी उभी करा. वरून पाचोळा आहेच.

दुपारी माना टाकण्याबद्दल : मोठ्या पानांची झाडं (काकडी, भोपळा, वांगं) कडक उन्हात पानं लोंबकळवतातच, मातीत ओल असली तरी. मुळं जेवढं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त पानांतून उडून जातं म्हणून. उन्हं उतरल्यावर झाड ताठ झालं तर काही करायचं नाही. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओल लागली तर पाणी घालू नका. सकाळी उठून बघितलं आणि तरीही पानं मलूल असतील तर मात्र पाणी तरी कमी पडतंय किंवा मुळांत काहीतरी बिघडलंय. दुपारी माना टाकल्या म्हणून दर वेळी पाणी घालत गेलात तर मुळं गुदमरून कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचं झाडही तसंच मलूल दिसतं, म्हणजे परत पाणी!

रानहळद :
+१. कुंडीच्या आकाराचंही बघा. पालेभाजीला १५-२० सेंटिमीटर खोली पुरते पण टोमॅटो, वांगं यांना एका झाडाला निदान १५-२० लिटरची कुंडी किंवा ग्रो बॅग हवीच. छोट्या कुंडीतली माती दिवसात दोनदा वाळते आणि मग कितीही लक्ष दिलं तरी झाड त्या ओल्या-कोरड्याच्या फेऱ्यात अडकतं.

मांडव :
धागा चांगला आहे पण आच्छादनाबद्दल थोडा वेगळा सूर लावतो. पावसाळी दमट हवेत जाड आच्छादन म्हणजे गोगलगायी आणि पैसा किड्यांना आयतं घर. कोवळी रोपं रातोरात साफ होतात. आणि वाळवी असलेल्या जमिनीत सुकं लाकूड, काटक्या, जाड देठ पसरले की वाळवी वर येते. त्यामुळे सरसकट सगळ्यांनी वर्षभर जाड थर घाला असं सांगू नये.

काळीमाती :
@मांडव, बरोबर आहे, हे लिहायला हवंच होतं. ऋतूप्रमाणे जाडी बदलायची. पाऊस लागला की थर पातळ करायचा, रोपं वीतभर होईपर्यंत आजूबाजूची जागा मोकळी ठेवायची. वाळवी असेल तिथे काटक्या-लाकूड नको, अर्धवट कुजलेला पाला वापरायचा. पण थर पातळ केला तरी माती पूर्ण उघडी नको, कारण जोराचा पाऊस उघड्या मातीवर आपटला की वरचा थर चिकटून त्याचं कवच धरतं आणि मातीचे शिंतोडे उडून खालच्या पानांवर रोग चढतो. टोमॅटोच्या करप्याची सुरुवात खालच्या पानांवरून होते ती बऱ्याचदा अशी.

पालवी :
टोमॅटोचं नाव निघालंच आहे तर विचारते. माझी झाडं दिसायला जबरदस्त आहेत, कमरेएवढी, हिरवीगार, फुलांचे घोस लागतात आणि सगळी फुलं गळून जातात!! एक फळ नाही. कोणी म्हणतं कॅल्शियम घाला, कोणी म्हणतं अंड्याची टरफलं घाला, कोणी म्हणतं खत कमी पडतंय. नक्की काय करू? आत्ता दुपारी ३८-३९ असतं.

रानहळद :
@पालवी ताई, उत्तर तुम्हीच शेवटच्या वाक्यात दिलंय. दिवसा पारा ३२ ते ३५ च्या वर जात असेल आणि रात्री २१ ते २४ च्या खाली उतरतच नसेल तर टोमॅटोचे परागकण वांझ होतात, फळ धरतच नाही. फुलाच्या देठावर मधे एक गाठ असते बघा, गुडघ्यासारखी, तो देठ आधी पिवळा पडतो आणि फूल बरोबर त्या गाठीपाशी तुटून पडतं. हे दिसलं की समजायचं परागीभवन झालं नाही, यात कॅल्शियमचा संबंध नाही. ढोबळी मिरचीचंही असंच.

खत तर अजिबात वाढवू नका. झाड हिरवंगार आणि कमरेएवढं आहे म्हणजे नत्र (नायट्रोजन) भरपूर आहे, अजून दिलंत तर पानं अजून वाढतील आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) येईल. करता येण्यासारखं म्हणजे ३०-३५ टक्के सावलीची शेडनेट दुपारच्या उन्हापुरती बांधा, सकाळचं ऊन मिळू दे. सकाळी ऊन वर यायच्या आत फुलांच्या घोसाला बोटाने टिचक्या मारा म्हणजे पराग झडतो. छोट्या चेरी टोमॅटोची जात उष्णतेत जास्त टिकते, पुढच्या वेळी ती लावा. आणि पेरणीची वेळ अशी धरा की फुलं यायचा काळ थंडाव्याच्या महिन्यांत पडेल. उष्ण प्रदेशात टोमॅटो हे उन्हाळ्याचं पीक नाहीच, आपण सगळीकडे त्याला उन्हाळी भाजी असं वाचतो ते थंड मुलखातल्या उन्हाळ्याबद्दल लिहिलेलं असतं.

पालवी :
खूप खूप धन्यवाद. म्हणजे अंड्याच्या टरफलांचा काहीच उपयोग नाही?

काळीमाती :
टरफलांचा विषय एकदाचा संपवूया कारण तो प्रत्येक चर्चेत येतो. टोमॅटोच्या बुडाला जो काळा चामड्यासारखा डाग पडतो तो फळात कॅल्शियम न पोचल्यामुळे, हे खरं. पण मातीत कॅल्शियम नाही म्हणून असं क्वचितच होतं. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच वर चढतं, त्यामुळे एक दिवस चिखल आणि दोन दिवस खडखडीत असं पाणी दिलं की फळापर्यंत ते पोचत नाही. पाणी नियमित करा, आच्छादन घाला, नवीन फळं स्वच्छ येतात. टरफलं मातीत विरघळायला खूप वेळ घेतात, जाडसर चुरा तर पुढच्या हंगामात वाफा उकरताना जसाच्या तसा सापडतो. कंपोस्टात टाका, वाया नाही जाणार, पण आजचा डाग त्याने बरा होणार नाही. एप्सम सॉल्टही त्यावर घालू नका, त्यातलं मॅग्नेशियम उलट कॅल्शियमशी स्पर्धा करतं.

अंकुर_२ :
नवीन आहे, प्रश्न फारच बेसिक वाटेल. उन्हाळ्यात मग लावायचं तरी काय?

मांडव :
भेंडी, गवार, चवळी, वांगी, माठ, राजगिरा, मायाळू, आणि जागा व मांडव असेल तर दोडका, दुधी, कारलं. भेंडीच्या बियांना तर माती गरमच लागते, २५ ते ३५ अंशांत छान उगवतात. माठ-राजगिरा कडक उन्हात इतर पालेभाज्यांपेक्षा जोरात वाढतात, त्यांची पानं उन्हाचा वापरच वेगळ्या पद्धतीने करतात, मक्यासारख्या. कोथिंबीर आणि लेट्यूस मात्र थंडाव्यासाठी राखून ठेवा, लेट्यूसचं बी तर गरम मातीत झोपून राहतं, उगवतच नाही.

तिसरा_प्रहर :
कंपोस्टबद्दल कोणीतरी लिहा ना. माझ्या ड्रममधे एकतर वास मारतो नाहीतर काहीच होत नाही.

काळीमाती :
वास मारतो म्हणजे ओलं जास्त, हवा कमी. काहीच होत नाही म्हणजे सुकं जास्त किंवा पाणी कमी. कार्बन आणि नत्र यांचं प्रमाण २५ ते ३० ला १ असावं लागतं, पण रोजच्या कामात एवढं लक्षात ठेवा की एक भाग ओला हिरवा कचरा टाकला की आकारमानाने दोन-अडीच भाग वाळलेला पाला. ओलावा कसा ओळखायचा तर मूठभर माल घट्ट पिळा, बोटांच्या फटीत एखादा थेंब यावा, धार लागली तर जास्त आणि मूठ सोडल्यावर भुगा झाला तर कमी.

या सगळ्याचा पाया ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला घातला, १९२४ ते १९३१ या काळात, म्हणून त्याला इंदूर पद्धतच म्हणतात. शेतातला काडीकचरा आणि शेण यांचे थर, ओल राखायची आणि ठरावीक काळाने ढीग पलटायचा. शेतकऱ्यांकडून शिकून त्यांनी ती पद्धत नीट बसवली. आजही घरच्या ढिगाला तेच लागू पडतं, पलटलं नाही की आत हवा संपते आणि वास सुरू.

ढीग साधारण एक मीटर लांब-रुंद-उंच असेल तर आत ५५ ते ६५ अंश तापतो आणि त्यात तणाचं बी, रोगजंतू बरेचसे मरतात. ड्रममधे एवढं तापत नाही, त्यामुळे रोगट झाडं ड्रममधे टाकू नका.

रानहळद :
गांडूळखत करणाऱ्यांसाठी एक भर. जी लाल गांडुळं जगभर सगळ्यात जास्त विकली जातात (आयसेनिया फेटिडा) ती १५ ते २५ अंशांत खूश असतात आणि ३५ च्या वर मरतात. उष्ण प्रदेशात युड्रिलस जातीची गांडुळं जास्त टिकतात. कोणतीही असोत, पेटी सावलीतच हवी, वर ओलं पोतं, आणि एका वेळी खाणं कमी टाकायचं, कारण जाड थर टाकला की तो कंपोस्टसारखा तापतो आणि गांडुळं भिंतीवर चढून पळायला बघतात.

पालवी :
ताजं शेण थेट आळ्यात घातलं तर चालतं का? मिळतंय भरपूर.

काळीमाती :
नको. ताज्या शेणातल्या अमोनियाने मुळं पोळतात, तणाचं बी येतं, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, आणि माणसाला आजारी पाडणारे जंतूही असू शकतात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत तर स्पष्ट आहे, न कुजवलेलं शेणखत घातलं तर मातीला चिकटून वाढणाऱ्या भाजीची काढणी १२० दिवस करायची नाही आणि मातीपासून वर वाढणाऱ्या भाजीची ९० दिवस. पालेभाजी तर त्याच्या कितीतरी आधी तयार होते, मग कशाला ताजं घाला. कुजवून काळं, बिनवासाचं झालं की घाला.

आणि बाहेरून शेणखत किंवा पेंढा आणत असाल तर एक परीक्षा जरूर करा. काही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टमधूनही शाबूत बाहेर येतात. एका कुंडीत ते खत मातीत मिसळून घेवड्याचं किंवा वाटाण्याचं बी लावा, दुसरीत साध्या मातीत. खतातल्या रोपांची नवीन पानं वाटीसारखी वळली, शेंडा पिळवटला तर ते खत भाजीला वापरू नका.

कोवळी_काकडी :
मिरचीची पानं आकसलीयेत, बोकड्या म्हणतात तसं. कडुनिंबाचं तेल फवारून झालं, काही फरक नाही. परत करू का?

मांडव :
@कोवळी_काकडी, आधी पान नीट बघा. कडा वरच्या बाजूला वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद, देठ लांबलेला, खालून तेलकट चकाकी, तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड). आणि पानं बारीक, शिरा जाड, फिकट पिवळी, झाड खुजं राहिलं असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस, त्याला जगात औषध नाही. ते झाड काढून टाका म्हणजे निदान बाकीची वाचतील.

खात्री करायला एक पांढरा कागद शेंड्याखाली धरा आणि शेंडा दोन-तीनदा झटका. पिवळसर बारीक रेघा कागदावर सरपटायला लागल्या तर फुलकिडे. लाल कोळी असेल तर हलणारे ठिपके दिसतात, कागदावर बोट फिरवलं की लालसर डाग उमटतो. मिरचीवरचा पिवळा कोळी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं, म्हणून त्याचं निदान पानाच्या आकारावरूनच करायचं. लाल कोळी उष्ण, कोरड्या, धुळीच्या जागी फोफावतो, त्याला सगळ्यात स्वस्त औषध पाणी, पानाच्या खालच्या बाजूने जोरात फवारा, दोन-तीन दिवसांनी परत, असं चार-पाच वेळा.

रानहळद :
नीमतेलाबद्दल लिहिते कारण ते चुकीच्या वेळी मारलं जातं आणि मग "सेंद्रियने काही होत नाही" असा निष्कर्ष निघतो. त्यातला अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारा घटक, उन्हात लवकर मोडतो. सकाळी फवारलं तर दुपारपर्यंत बराचसा गेला, आणि वर तेलामुळे पानंही भाजली. फवारणी उन्हं कलल्यावरच करायची. १ लिटर पाण्याला ३ ते ५ मिली तेल, आणि तेल आधी थोड्या मऊ साबणाच्या कोमट पाण्यात घोळवून मग बाकीचं पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या झाडाला सगळं एकदम मिळतं. आधी एकाच पानावर मारून दुसऱ्या दिवशी बघा.

दुसरं, नीम लगेच मारत नाही. अळीचं खाणं कमी होतं, कात टाकता येत नाही आणि मग ती मरते. फवारल्यावर तासाभराने अळी जिवंत दिसली म्हणून दुसरं काहीतरी जालीम शोधू नका.

अंकुर_२ :
तंबाखूचं पाणी नैसर्गिकच आहे ना? खूप ठिकाणी वाचलं.

काळीमाती :
नैसर्गिक आहे आणि विषारीही आहे. निकोटिन माणसाच्या कातडीतून आत जातं, मधमाश्यांना मारतं. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत तंबाखूची भुकटी बंदी असलेल्या नैसर्गिक पदार्थांच्या यादीत आहे. शिवाय तंबाखूतून मोझॅक व्हायरस टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. पूर्ण टाळा.

फवारायच्या आधी अजून एक काम, मित्रकिडे ओळखा. माव्याच्या गर्दीत काळसर, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, मगरीसारखी दिसणारी छोटी अळी फिरताना दिसली तर ते लेडीबर्डचं (मावा खाणाऱ्या ठिपकेदार ढालकिड्याचं) पिल्लू आहे, लोक त्यालाच कीड समजून चिरडतात. मावा फुगून तपकिरी, कागदी मण्यासारखा झाला असेल तर त्याच्या पोटात बारीक गांधीलमाशी वाढतेय, तो मणी तसाच राहू द्या, त्यावर गोल झाकण उघडलेलं दिसलं म्हणजे ती बाहेर पडली. अशा झाडावर नीमसुद्धा नको, थोडं थांबा.

तिसरा_प्रहर :
माझी वांग्याची दोन झाडं हिरवीच्या हिरवी वाळली, पानं पिवळीसुद्धा पडली नाहीत. काल होती, आज गेली. पाणी व्यवस्थित होतं.

रानहळद :
हा जिवाणूजन्य मर रोग असण्याची दाट शक्यता आहे. लगेच तपासता येतो. बुंध्याजवळून खोडाचा बोटभर तुकडा कापा, काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या आणि तुकडा असा धरा की कापलेलं टोक जेमतेम पाण्यात बुडेल, हात हलू देऊ नका. मर रोग असेल तर काही मिनिटांत त्या टोकातून दुधासारखी पांढरट धार सरळ खाली उतरताना दिसते, ते जिवाणूच असतात. धार दिसली तर त्या जागी निदान तीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यातलं काही लावू नका, सगळे एकाच कुळातले. कुंडी असेल तर ती माती भाजीला वापरू नका, खुरपं-कात्री धुऊन घ्या.

धार दिसली नाही तर मुळं बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी (मातीतून मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी). चवळी-घेवड्याच्या मुळांवरही गाठी असतात पण त्या चांगल्या, बोटाने ढकलल्या की सुटून येतात आणि आतून गुलाबी निघतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ओढली तर मूळ तुटतं पण गाठ सुटत नाही.

मांडव :
आणि सूत्रकृमी निघाले तर इथे कडक ऊन आपल्या बाजूने आहे! वाफा ओला करून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चार ते सहा आठवडे ठेवायचं, कडा मातीने दाबून. पारदर्शकच हवं, काळं नाही, ऊन आत शिरलं पाहिजे. ही सौरीकरणाची पद्धत इस्रायलच्या याकोव कातान आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. वरच्या थरातले बुरशी, तणाचं बी, सूत्रकृमी बरेच कमी होतात, खोल असलेले वाचतात, त्यामुळे नंतर माती खोल खणायची नाही, नाहीतर खालचे वर येतील. नंतर झेंडू दाट लावला तर अजून फायदा, पण चार झेंडू कडेला लावून भागत नाही, अख्खा वाफा झेंडूचा हवा, काही महिने.

पालवी :
दुधीला नुसती फुलं येतात, फळं वाटाण्याएवढी होऊन पिवळी पडतात. हे पण उष्णतेमुळेच?

मांडव :
काही अंशी. उष्णता आणि मोठा दिवस यात वेलवर्गीयांना नर फुलं जास्त येतात. पण वाटाण्याएवढं होऊन गळतंय म्हणजे मादी फुलं येतायत, पराग पोचत नाहीये. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी, भोपळा, कारलं यांची सकाळी. तुम्ही सकाळी दुधीजवळ जात असाल तर वेळ टळलेली असते. दिवेलागणीला जा, पाठीमागे छोटं फळ असलेलं ते मादी फूल, नुसता लांब देठ असलेलं ते नर. नर फूल तोडून पाकळ्या मागे मुडपा आणि मधला भाग मादी फुलाच्या मधल्या भागाला हलकेच टेकवा, पिवळी भुकटी चिकटलेली दिसली पाहिजे. मुख्य वेलाचा शेंडाही खुडा, दुधीला मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात.

कोवळी_काकडी :
भोपळ्याच्या पानांवर पांढरी पावडर आलीये, त्यावर गंधक चालेल?

रानहळद :
३२ च्या वर पारा असताना गंधक मारू नका, पानं जळतात, वेलवर्गीयांची तर जास्तच. आणि तेल फवारलं असेल तर त्यानंतर दोन आठवडे तरी गंधक नको. भुरी (हीच पांढरी पावडर, बुरशीचा रोग) सुरुवातीची असेल तर दूध बघा, १ भाग दुधाला ९ भाग पाणी, आठवड्याला एकदोनदा सकाळी उन्हात. १९९९ साली ब्राझीलमधे झुकिनीवर याचे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि भुरी चांगली आटोक्यात आली होती. खूप पसरली असेल तर जुनी पानं काढून टाका.

अंकुर_२ :
शेवटचा प्रश्न. दोन पिकांच्या मधे माझा वाफा दोन महिने रिकामा राहणार आहे, भर उन्हाळ्यात. काळीमाती यांनी लिहिलंय तसं पाचोळा घालून ठेवू की काही लावू?

काळीमाती :
पाणी देता येत असेल तर लावा, पाचोळ्यापेक्षा जिवंत मुळं चांगली. ताग (हिरवळीच्या खताचा, पोत्याचा ज्यूट नव्हे) पेरा, दाट, बी हाताने फोकून. गरम हवेत तो झपाट्याने वाढतो, हवेतलं नत्र मातीत आणतो आणि गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना त्याच्या मुळांवर वाढता येत नाही. ताग नाही मिळाला तर चवळी. साधारण दीड महिन्याने पहिल्या कळ्या दिसल्या की कापायचा, फुलून गेल्यावर देठ लाकडासारखा होतो आणि मग कुजायला फार वेळ घेतो. उपटू नका, जमिनीलगत कापा, मुळं आतच राहू दे. कापलेला पाला हातभर तुकडे करून त्याच वाफ्यावर पसरा, वर थोडं कंपोस्ट, पाणी, आणि दोन-तीन आठवडे थांबा. मग पाला बाजूला सारून खड्डा करा आणि त्यात रोप लावा, बाकीचा वाफा झाकलेलाच राहू दे.